‘झुंड’च्या जागा पाहायला नागपुरात येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ रोजी चित्रपटगृहांत लागला आणि तेव्हापासून बाहेरगावच्या पाहुण्यांच्या यादीत एक नवीन मागणी आली: दीक्षाभूमी झाली, फुटाळा झाला, संत्रा बर्फी घेतली, आता ‘झुंड’ची वस्ती दाखवा. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत संपली आहेत. प्रश्नच तसे आहेत.

‘झुंड’ खरंच नागपुरात चित्रित झाला का? की नुसती गोष्ट नागपूरची?

दोन्ही. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात चित्रीकरण सुरू झालं. अमिताभ बच्चन त्यासाठी इथे मुक्कामाला होते. मोहन नगरच्या भागात काम चाललं तेव्हा आसपासच्या गच्च्यांवर माणसं मावत नव्हती. वस्तीतल्या मुलांच्या भूमिकांसाठी बहुतेक मुलं इथल्याच गल्ल्यांमधून निवडली होती. त्यांच्या तोंडची हिंदी ऐकली की नागपूरकराला ओळख पटवून द्यावी लागत नाही. डॉनची भूमिका करणाऱ्या अंकुश गेडामला पुढे पदार्पणासाठी फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला.

गोष्टीचा पाया खऱ्या माणसाचा आहे. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक. २००१ साली पावसात आडोशाला थांबले असताना त्यांना वस्तीतली मुलं मोडकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं, तेच पुढे ‘स्लम सॉकर’ म्हणून जगभर गेलं. चित्रपटात बारसे यांचे विजय बोराडे झाले आहेत, ती बच्चन यांची भूमिका.

येण्याआधी काही तयारी करावी का?

चित्रपट पुन्हा पाहा. जवळजवळ तीन तासांचा आहे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी पाहा. या वेळी बच्चनकडे कमी आणि मागच्या बाजूला जास्त लक्ष द्या. दुकानांच्या पाट्या, पाण्याच्या टाक्या, विजेचे खांब, रेल्वेच्या तारा, निळे झेंडे, घरांचे रंग. जागा ओळखायच्या त्या अशाच ओळखायच्या असतात.

जागांची पक्की यादी किंवा नकाशा मिळेल का?

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या याद्यांवर विसंबू नका. त्यांत एकच मैदान तीन ठिकाणी दाखवलेलं असतं. कुठेही ‘येथे झुंडचे चित्रीकरण झाले’ अशी पाटी शोधत बसू नका.

शिवाय सिनेमाचं काम कसं चालतं हे ध्यानात घ्या. पडद्यावर मुलगा एका गल्लीतून पळत निघतो आणि भिंतीवरून उडी मारून मैदानात पडतो. ती गल्ली, ती भिंत आणि ते मैदान यांच्यात प्रत्यक्षात कितीही अंतर असू शकतं. कधी गल्ली खरी असते आणि मैदानाचा कोपरा उभारलेला असतो. सेट उतरला की मागे खुंट्यांची भोकंसुद्धा उरत नाहीत. म्हणून ‘हीच ती चौकट’ असा हट्ट धरून आलात तर निराश व्हाल. ज्या भागातून ही गोष्ट आणि ही मुलं आली तो भाग पाहायला आलात, तर दिवस कमी पडेल.

मोहन नगर कुठे आहे आणि तिथे पाहायचं काय?

सदर, खलाशी लाइन आणि गड्डीगोदाम यांच्या मधला हा भाग. रेल्वे स्टेशनपासून लांब नाही. मेट्रोने आलात तर ऑरेंज मार्गिकेवरचं कस्तुरचंद पार्क किंवा गड्डीगोदाम चौक हे स्टेशन सोयीचं. तिथून पायी जा. या भागातल्या गल्ल्यांचं मोजमाप ऑटोतून कळत नाही.

हा नागपूरचा जुना, मिसळलेला भाग आहे. ख्रिस्ती कुटुंबं बरीच. सेंट फ्रान्सिस द सेल्स कॅथेड्रल याच बाजूला. डिसेंबरात घरांवर कागदी तारे लागतात. दोन गल्ल्या पलीकडे गेलं की बुद्धविहार, त्यापुढे मशीद, त्यापुढे हनुमानाचं देऊळ. एका बाजूला बंगल्यांची कुंपणं, दुसऱ्या बाजूला दहा बाय दहाच्या खोल्या, आणि मधे शाळेचं मैदान. ‘झुंड’चा दिग्दर्शक इथे का आला हे समजायला एवढं पुरेसं आहे. शहराचे दोन तुकडे एकमेकांना इतके खेटून उभे असलेले दुसरीकडे सहज सापडत नाहीत.

आणि हो, चित्रपटात दिसलेला भाग आता तसाच दिसणार नाही. चित्रीकरण झालं तेव्हा कामठी रोडवर मेट्रोचं बांधकाम चालू होतं. सीताबर्डी ते ऑटोमोटिव्ह चौक हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच रस्त्यावर एलआयसी चौकापासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतचा उड्डाणपूल खुला झाला. गड्डीगोदामला तर एकावर एक चार थर आहेत: खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. अभियांत्रिकीची हौस असणाऱ्यांनी तिथे थांबावंच. मला मात्र त्या चौकातलं जुनं मोकळं आभाळ बरं वाटायचं, ही गोष्ट वेगळी.

ती भिंत कुठे आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. चित्रपटभर एक भिंत आहे: अलीकडे वस्ती, पलीकडे कॉलेजचं हिरवं मैदान. मुलं ती ओलांडतात. शेवटी विमानतळापाशी पुन्हा एक भिंत येते, ती ओलांडू नका असं बजावणारी. साहजिकच लोकांना त्या भिंतीशेजारी उभं राहून फोटो काढायचा असतो.

एका विशिष्ट भिंतीचा पत्ता मी देणार नाही. तिचा पत्ता कळला म्हणून तुम्हाला काही कळेल असं मला वाटत नाही. उत्तर नागपुरात कुठेही अर्धा तास चाला, अशा भिंती मोजायला बोटं पुरणार नाहीत. रेल्वेच्या वसाहतीची भिंत, लष्कराच्या जागेची भिंत, शाळेची, सरकारी गोदामाची. बहुतेकींना एका ठिकाणी भगदाड असतं आणि तिथली जमीन पावलांनी गुळगुळीत झालेली असते. भगदाड बुजवलं की महिन्याभरात दुसरीकडे पडतं. त्यातून मुलं शाळेत जातात, बायका पाणी आणतात, संध्याकाळी चेंडू आणायला कोणीतरी वाकून जातं.

भिंत पाहायचीच असेल तर असं करा. मोहन नगरहून गड्डीगोदामकडे जाताना ज्या मैदानाला कुंपण आहे त्याच्या बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा. फाटकाच्या बाजूने एक गाव दिसेल, मागच्या बाजूने दुसरं. दोन्हीकडे घड्याळात एकच वेळ. पण मागच्या बाजूच्या लोकांना फाटकापर्यंत यायला किती चालावं लागतं ते पायांनीच मोजा.

फक्त एवढं सांभाळा: फोटोसाठी कोणत्याही भिंतीवर चढू नका. शाळा असो, रेल्वे असो, लष्कर असो, चौकीदाराला तुमचं सिनेमाप्रेम समजावत बसायची वेळ येते. आणि वस्तीतलं पोरगं चढलं तर त्याला हटकलं जातं, पाहुणा चढला तर त्याचा व्हिडिओ होतो, हे काही बरं दिसत नाही.

चित्रपटातलं कॉलेज म्हणजे हिस्लॉपच ना?

गोष्टीपुरतं म्हणाल तर हो, कारण बारसे तिथे शिकवायचे. पण ‘हिस्लॉपमध्ये जाऊन बोराडे सरांची खोली पाहायची’ असं काही नसतं. सिव्हिल लाइन्समधलं हे चालू कॉलेज आहे, मुलांचे तास चालू असतात. बाहेरून पाहा. आत जायचं असेल तर फाटकावर विचारा, कार्यालयातून परवानगी घ्या आणि परीक्षांच्या दिवसांत विचारूच नका.

कॉलेजला स्वतःचा इतिहास आहे, तो सिनेमापेक्षा कितीतरी जुना. स्थापना १८८३ ची. नाव स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचं, जो नागपुरात राहून दगड-जीवाश्म गोळा करायचा आणि गोंडांच्या परंपरा टिपून ठेवायचा. जवळच अजब बंगला आहे, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय. नाव ऐकून मुलं खूश होतात, आत गेल्यावर मोठी माणसं जास्त रमतात.

विजय बारसे यांना भेटता येईल का? स्लम सॉकरचं मैदान पाहता येईल का?

मैदान हो, पण आधी कळवून. संस्थेचं केंद्र शहराच्या उत्तरेला, कोराडी रोडच्या बाजूला बोखारा इथे आहे. ती प्रेक्षणीय जागा नाही. तिथे मुलामुलींचा सराव चालतो, प्रशिक्षकांची शिबिरं होतात. संस्थेच्या संकेतस्थळावरून संपर्क साधा, तुम्ही कोण आणि किती जण येणार ते लिहा, उत्तराची वाट पाहा. ‘आलोच आहोत तर पाच मिनिटं’ असं करू नका.

सरांच्या भेटीचा आग्रह धरू नये असं मला वाटतं. त्यांनी आपली गोष्ट पुरेशी सांगितली आहे. २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’च्या तिसऱ्या पर्वातही ती आली होती. त्यापेक्षा मैदानावरच्या प्रशिक्षकांशी बोला. त्यांतले कित्येक जण स्वतः कधीकाळी कोणत्या ना कोणत्या वस्तीतून अनवाणी खेळत आलेले असतात. स्लम सॉकरची मुलं जिथे खेळायला जातात त्या बेघरांच्या विश्वचषकाबद्दल विचारा. ही स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला सुरू झाली. छोटं मैदान, एका बाजूला चारच खेळाडू, कडेला फळ्या, आणि चेंडू फळीला लागून परत येतो म्हणून खेळ थांबतच नाही. गल्लीत खेळलेल्या पोरांना हे जमतं आणि मोठ्या मैदानावरच्या मुलांना सुरुवातीला अडखळायला होतं, त्याचं कारण हेच. २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार स्लम सॉकरला मिळाला. नागपुरातल्या किती जणांना हे ठाऊक आहे देव जाणे.

जाताना रिकाम्या हाताने जायला संकोच वाटत असेल तर काय लागतं ते आधी विचारा. जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे घेऊन जाऊ नका. ते खेळाडू आहेत.

चित्रपटात काम केलेली मुलं कुठे राहतात? भेटवाल का?

नाही.

थोडं स्पष्ट सांगतो. ती मुलं आता मोठी झाली आहेत. कोणाचं बरं चाललं आहे, कोणाचं नाही. काहींबद्दल वर्तमानपत्रांत वाईट बातम्याही येऊन गेल्या. त्यांच्या घरचा पत्ता विचारत गल्लीत फिरणं, त्यांच्या आईवडिलांसमोर कॅमेरा धरणं हे कोणाच्याही घरी केलेलं चालणार नाही, मग तिथेच का चालावं?

वस्तीत फिरलं तर चालेल का? लोक रागावतात का?

रस्ता सगळ्यांचा आहे, त्यामुळे फिरायला ना नाही. मात्र कसं फिरता यावर सगळं अवलंबून. सात-आठ जणांचा घोळका, गळ्यात मोठे कॅमेरे, एकमेकांना बोटांनी दाखवत चाललेले, हे कोणत्याही गल्लीत खटकेल. धरमपेठेच्या एखाद्या बंगल्यासमोर असं उभं राहून पाहा, कुत्रा सोडतील.

दोघं-तिघं जा. टपरीवर थांबा, चहा घ्या. कोणीतरी विचारेलच, “काय पाहून राहिले भाऊ?” सरळ सांगा, ‘झुंड’ पाहिला होता, हा भाग पाहायला आलो. मग थांबवता थांबणार नाहीत. कोण कुठे उभा होता, बच्चन कोणत्या गाडीतून उतरला, कोणाच्या काकाला गर्दीत घेतलं होतं आणि नंतर त्याचं दृश्य कापलं, सगळं ऐकायला मिळेल. यातलं किती खरं हे तपासत बसू नका. निम्मी मजा त्यातच आहे. चहाचे पैसे मात्र तुम्हीच द्या.

फोटोंबद्दल. गल्लीचा, भिंतीचा, मैदानाचा फोटो काढायला हरकत नसते. माणसाचा फोटो विचारून. लहान मुलांचा त्यांच्या आईबापांना विचारून, मुलं स्वतः कितीही ‘काका, फोटो काढा ना’ म्हणाली तरी. घरांच्या उघड्या दारांकडे, नळाच्या रांगेकडे कॅमेरा वळवू नका. मुलांच्या हातात पैसे ठेवून ‘तसं पळून दाखव’ म्हणणारे महाभाग येऊन गेले आहेत. त्यांच्यामुळे पुढच्यांकडे लोक संशयाने पाहतात.

एखादा गाइड किंवा ‘वस्ती सहल’ लावता येईल का?

अशी सहल कोणी देऊ केली तर घेऊ नका. पैसे वस्तीला मिळत नाहीत आणि तुम्हाला मिळतं ते खिडकीतून पाहणं. ओळखीचा नागपूरकर गाठा. आम्हाला आपलं शहर दाखवायला निमित्तच हवं असतं.

मग फुटबॉल कुठे पाहायला मिळेल?

शेवटी कोणीतरी योग्य प्रश्न विचारला! ‘झुंड’ची सगळ्यात खरी जागा म्हणजे चालू सामना.

बाहेरच्यांना वाटतं नागपूर म्हणजे जामठ्याच्या स्टेडियमवरचं क्रिकेट. पण या शहराच्या जुन्या भागांत फुटबॉल फार आधीपासून मुरलेलं आहे. कामठी हे छावणीचं गाव. तिथल्या रब्बानी क्लबचं नाव काढलं की जुन्या लोकांचे डोळे बदलतात. शहरात राहुल क्लब, यंग मुस्लिम फुटबॉल क्लब अशी नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. मोमिनपुरा, मोहन नगर, इंदोरा, कामठी या भागांतली चुरस समजून घ्यायची असेल तर नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेच्या साखळी सामन्याला जा. कडबी चौकाजवळच्या मोतीबागला रेल्वेचं मैदान आहे, तिथे सामने होत आले आहेत. तारखा स्थानिक वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर मिळतात, नाहीतर सरळ मैदानावर जाऊन माळीकाकांना विचारा. अशा बाबतीत त्यांच्याइतकी पक्की माहिती कोणाकडे नसते.

सामना पाहताना खेळाडूंपेक्षा कडेला बसलेल्या मंडळींजवळ जागा धरा. पन्नाशी ओलांडलेले, गुडघे गेलेले, तरी प्रत्येक पासवर बडबडणारे. त्यांच्या शिव्यांकडे दुर्लक्ष करा. एखाद्या पोराने डाव्या पायाने चेंडू अडवला की हे लोक त्याच्या बापाचा खेळ आठवून सांगतात.

सामना नसेल तर पहाटे किंवा उन्हं उतरल्यावर कोणत्याही मोकळ्या मैदानावर जा. दगडांचे गोलपोस्ट, निम्मे अनवाणी, एकाच्या अंगावर मेस्सी, दुसऱ्याच्या अंगावर निवडणुकीतल्या उमेदवाराचा टीशर्ट. माणूस कमी पडत असेल तर तुम्हालाही गोलकीपर करतील. नकार देऊ नका, पण चांगले बूटही घालून जाऊ नका.

मोतीबागलाच नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे, २००२ पासूनचं. सामना सुरू व्हायला वेळ असेल तर तिथे एक तास छान जातो.

आंबेडकर जयंतीचा प्रसंग फार आवडला. ती जयंती पाहायला यायचं तर?

१३ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत पोचा. रात्री बाराच्या ठोक्याला संविधान चौकात जे होतं ते पडद्यावर मावण्यासारखं नाही. हा चौक रिझर्व्ह बँकेसमोर, झिरो माइल आणि कस्तुरचंद पार्क या दोन्ही मेट्रो स्टेशनांपासून चालत. इंदोरा आणि उत्तर नागपुरातल्या मिरवणुका, डीजे, निळा गुलाल, फटाके, घरच्या घरी काढलेली रोषणाई. चित्रपटात बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हात जोडतात. हिंदी पडद्यावरच्या एवढ्या मोठ्या नटाने हे केलं म्हणून त्या दृश्याची देशभर चर्चा झाली. इथल्या वस्त्यांत मात्र ते दृश्य दरवर्षीचंच आहे, फक्त हात जोडणारे वेगळे.

दीक्षाभूमी बघायची ती शांतपणे बघायची असेल तर जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन टाळून या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह इथे धम्मदीक्षा घेतली. आजचा स्तूप २००१ साली खुला झाला. दसऱ्याच्या सुमारास लाखो लोक येतात, तेव्हा येणार असाल तर सहलीचा नाद सोडून त्या गर्दीचा भाग व्हा. पुस्तकांच्या दुकानांसाठी मोठी पिशवी आणा.

वेळ असेल तर कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिरही पाहा. कामठीपर्यंतच्या मेट्रोचं काम चालू आहे, तोवर ऑटोमोटिव्ह चौकातून बस किंवा ऑटो.

मोनिकाचं गाव कुठे आहे?

रिंकू राजगुरूने केलेली मोनिका ही गोंड मुलगी. ओळखीचा कागद मिळवण्यासाठी ती आणि तिचे वडील किती दारं झिजवतात ते चित्रपटात आहे. ते गाव शोधायला रानोमाळ जाऊ नका. त्याऐवजी शहरातच महाल भागात गोंड राजांच्या किल्ल्याच्या बाजूला एक फेरी मारा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगडच्या बख्त बुलंद शहाने नागपूर वसवलं. ज्यांनी शहर वसवलं त्यांच्याच लेकीला कागद दाखवा म्हणतात, हे तिथे उभं राहिल्यावर जास्त टोचतं.

विमानतळावर जाऊन शेवटच्या दृश्यासारखा व्हिडिओ काढता येईल का? ड्रोन?

विमानतळाच्या कुंपणाशी रेंगाळू नका. विमानतळ ज्या सोनेगावला आहे तिथे वायुदलाचाही वावर आहे, सुरक्षा कडक असते. ड्रोन घरी ठेवून या. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरच्या नकाशावर हिरवे, पिवळे, लाल पट्टे असतात. विमानतळ, वायुदल आणि महत्त्वाच्या इमारती यांमुळे नागपूर शहरात ड्रोन उडवायला जागा शोधणं म्हणजे डोकेदुखीच आहे. मेट्रोत मोबाइलवर हौसेचे फोटो ठीक, पण तिपाई लावून व्यावसायिक चित्रीकरण करायचं तर आधी परवानगी लागते.

कधी यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. तेव्हा हॉटेलं भरलेली, सिव्हिल लाइन्समध्ये जागोजागी पोलिसांचे अडथळे आणि रस्त्यांवर मोर्चे. तारखा पाहून ठरवा.

पावसाळाही वाईट नाही. गोष्टीची सुरुवातच पावसातली आहे आणि चिखलातला फुटबॉल पाहायचा तर तेव्हाच. मे महिन्यात मात्र येऊ नका. पारा ४५ च्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. तरीही आलातच तर सकाळी सहाला निघा, दहाला परत या, कांदा खिशात ठेवा की नका ठेवू, डोकं मात्र दुपट्ट्याने झाका.

एका दिवसात सगळं होईल का?

घाई न करता होईल. सकाळी लवकर कस्तुरचंद पार्क स्टेशनवर उतरा. तर्री पोहे खा, मग संविधान चौकावरून सदरमार्गे मोहन नगर. गल्ल्यांमधून हळूहळू गड्डीगोदाम, तिथला चार थरांचा पूल. तिथून मेट्रोने एकच स्टेशन पुढे कडबी चौक, मोतीबागचं रेल्वे संग्रहालय. जेवण. दुपारी परवानगी मिळाली असेल तर ऑटोने बोखारा. संध्याकाळी परत मोतीबाग किंवा जवळच्या कोणत्याही मैदानावर खेळ. हिस्लॉप, अजब बंगला आणि दीक्षाभूमी दुसऱ्या दिवशी ठेवा. रेल्वेने येणाऱ्यांसाठी सांगतो, स्टेशनजवळची मेट्रो अ‍ॅक्वा मार्गिकेवर आहे, सीताबर्डीला उतरून ऑरेंज मार्गिका पकडा.

खायचं काय?

तर्री पोहे सकाळी, सावजी दुपारी, सांभारवडी मिळाली तर केव्हाही. सावजी रस्सा पहिल्यांदा खात असाल तर सोबत ताक किंवा गोड काहीतरी घ्या आणि “तिखट कमी करा” असं सांगू नका, कोणी ऐकत नाही. सांभारवडीत सांबार नसतो. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात.

‘सैराट’ची विहीर पण इथेच आहे का? आणि राजकुमार हिरानींच्या चित्रपटांच्या जागा?

‘सैराट’ करमाळ्याकडचा, म्हणजे सोलापूर जिल्हा. नागपूरहून रात्रभराचा प्रवास. हिरानी जन्माने नागपूरकर, पण त्यांचा मुन्नाभाई मुंबईत राहतो आणि ‘थ्री इडियट्स’चं कॉलेज बंगळुरूच्या आयआयएममध्ये आहे. आमच्याकडे फक्त अभिमान आहे.

हिंदी बोलावं की मराठी?

काहीही. एका वाक्यात दोन्ही आलं तरी चालतं, आम्ही तसंच बोलतो.

स्वतःची गाडी आणली तर कुठे लावू?

सदरच्या मुख्य रस्त्यांवर दुपारनंतर जागा मिळत नाही आणि गल्ल्यांत चारचाकी घातली तर मागे घेताना सगळी गल्ली तुम्हाला दिशा दाखवायला जमेल. गाडी हॉटेलवरच ठेवा. मेट्रो, ‘आपली बस’ ही शहर बस, ई-रिक्षा यांनी काम भागतं. बोखाऱ्याला जायचं असेल तर ऑटोवाल्याला जाण्यायेण्याचं आधी ठरवा आणि थांबायला सांगा, कारण तिथून परतीचा ऑटो लगेच मिळेलच असं नाही.